वैद्यकीय महाविद्यालयाची प्रवेश-मुलाखत : तयारी नेमकी कशाची करावी?

भारतात आज एम.बी.बी.एस.चा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर व त्यानंतरच्या प्रवेशफेऱ्यांवर ठरतो. उमेदवाराला समोर बसवून "तुला डॉक्टर का व्हावेसे वाटते?" असे सहसा कोणी विचारीत नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय हा त्यातील ठळक अपवाद होय. तेथे 'नीट'च्या गुणांनंतरही इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत असते. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका या देशांत मात्र उत्तम गुण मिळविलेल्या विद्यार्थ्यालाही जवळजवळ सर्वत्र मुलाखतीला सामोरे जावे लागते.

आपल्याकडील अनेक कुटुंबे या देशांत स्थायिक झाली आहेत. त्यांची मुले आता वैद्यकीय शिक्षणाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. लेखी परीक्षेची तयारी कशी करावी हे या घरांना सांगावे लागत नाही, परंतु मुलाखत म्हटली की गोंधळ उडतो. कोणी इंटरनेटवरून दोनशे प्रश्नोत्तरे उतरवून पाठ करतो, तर कोणी भरमसाट शुल्क देऊन शिकवणी लावतो. म्हणून ही मुलाखत कशी असते, तीत काय पाहिले जाते आणि तयारी नेमकी कशाची करावी, याचा विचार येथे मुख्यतः ब्रिटनमधील पद्धतीच्या आधारे केला आहे.

वेल्लोरचा धडा

मुलाखत घेऊन डॉक्टर निवडण्याची परंपरा आपल्या देशाला अगदीच परकी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये लेखी परीक्षेनंतर निवडक उमेदवारांना बोलावून घेत. त्यांना गटाने करावयाची कामे दिली जात, त्यांच्या वागण्याचे निरीक्षण होई आणि मग मुलाखती होत. २०१६ पासून 'नीट' सर्वत्र लागू झाल्यावर हा प्रश्न न्यायालयात गेला. २०१७ साली या संस्थेने एम.बी.बी.एस.च्या शंभर जागांपैकी केवळ एका जागेवर प्रवेश दिला. २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नीट' अल्पसंख्याक संस्थांनाही बंधनकारक असल्याचा निर्णय दिला.

या संस्थेच्या संस्थापिका डॉ. आयडा स्कडर यांची हकिकत मुलाखतीच्या पहिल्या प्रश्नासंबंधी बरेच काही शिकवून जाते. तरुण आयडा वडिलांकडे तिंडीवनम येथे राहत होत्या. वडील डॉक्टर होते, पण आयडांना स्वतःला वैद्यकीत रस नव्हता. एका रात्री तीन निरनिराळ्या घरांतील पुरुष एकामागून एक दाराशी आले. तिघांच्याही पत्नी बाळंतपणात अडल्या होत्या. परपुरुषाने, मग तो डॉक्टर का असेना, आपल्या पत्नीला तपासावे हे त्यांना मान्य नव्हते. त्यांना आयडा हव्या होत्या आणि आयडांना त्यातले काही येत नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. आयडा अमेरिकेला गेल्या, १८९९ साली कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टर झाल्या, १९०० साली वेल्लोरला कामाला लागल्या आणि १९१८ साली त्यांनी तेथे स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय उघडले.

"डॉक्टर का व्हावेसे वाटते?" या प्रश्नाचे त्यांचे उत्तर म्हणजे ती एक रात्र होती. त्यात 'सेवा' हा शब्दही आणावा लागत नाही. प्रत्येकाच्या आयुष्यात अशी रात्र येत नाही व येण्याची गरजही नाही. मात्र उत्तर पाहिलेल्या, अनुभवलेल्या गोष्टीतून यावे लागते, एवढे यातून ध्यानी घ्यावे.

ब्रिटनमधील प्रवेशाचा क्रम

ब्रिटनमध्ये अर्ज 'यूकास' या मध्यवर्ती संस्थेमार्फत करावा लागतो. इतर बहुतेक विषयांची मुदत जानेवारीपर्यंत असली तरी वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी ती १५ ऑक्टोबरला संपते. पाच पसंतीक्रमांपैकी वैद्यकीयसाठी जास्तीत जास्त चारच वापरता येतात. त्याआधी उन्हाळ्यात 'यूकॅट' ही संगणकावरील अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. २०२५ पासून या चाचणीतील आकृत्यांचा विभाग वगळण्यात आला असून भाषिक तर्क, निर्णयक्षमता व संख्यात्मक तर्क या तीन विभागांचे मिळून २७०० गुण असतात. प्रसंगानुरूप योग्य वर्तन ओळखण्याच्या विभागाला गुणांऐवजी चारपैकी एक श्रेणी मिळते. २०२६ च्या प्रवेशापासून अर्जातील सलग निबंधवजा निवेदनाच्या जागी तीन स्वतंत्र प्रश्न आले आहेत. हा अभ्यासक्रम का हवा, शालेय शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली आणि शाळेबाहेर आणखी काय केले, असे त्यांचे स्वरूप आहे.

या साऱ्यातून निवडलेल्यांना साधारणतः डिसेंबर ते मार्च या काळात मुलाखतीस बोलावतात. २०२० नंतर अनेक विद्यापीठांनी ऑनलाइन मुलाखती सुरू केल्या. काहींनी त्या तशाच ठेवल्या, तर काही पुन्हा प्रत्यक्ष मुलाखतीकडे वळली. आपल्या विद्यापीठाची पद्धत त्याच्या संकेतस्थळावर दर वर्षी नव्याने पाहावी.

भारतीय नागरिकत्व असलेल्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विसरू नये. परदेशी शिकून भारतात परतून व्यवसाय करण्याचा विचार असेल, तर २०१८ पासून 'नीट' उत्तीर्ण होणे त्यांनाही आवश्यक झाले आहे.

मुलाखतीचे दोन प्रकार

पहिला प्रकार जुना व परिचित आहे. दोन-तीन परीक्षक समोर बसतात व वीस-तीस मिनिटे संभाषण होते. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे या मुलाखती डिसेंबरमध्ये होतात व त्यांत विज्ञानाच्या अंगाने विचार करावयास लावणाऱ्या प्रश्नांवर भर असतो. एखादा आलेख समोर ठेवून त्यावरून काय अनुमान निघते, असे विचारले जाते. तेथे अचूक उत्तरापेक्षा विचाराची वाट महत्त्वाची असते. म्हणून विचार मोठ्याने बोलून दाखवावा.

दुसरा प्रकार 'मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू' अर्थात 'एमएमआय' या नावाने ओळखला जातो. कॅनडातील हॅमिल्टन शहराच्या मॅकमास्टर विद्यापीठात तो विकसित झाला व २००४ साली त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी जी 'ऑस्की' पद्धत मांडली होती, तिच्यावर ही कल्पना बेतलेली आहे. उमेदवार एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जातो. दारावरील प्रसंग वाचण्यास मिनिट-दोन मिनिटे मिळतात, आत पाच ते आठ मिनिटे बोलावयाचे असते आणि घंटा वाजली की पुढे निघावयाचे असते. अशी सहा ते दहा स्टेशने असतात.

यामागील कारण समजून घेतले की भीती निम्मी होते. एकाच परीक्षकाच्या मनावर पहिल्या दोन मिनिटांत जी छाप पडते, तीच अखेरपर्यंत टिकते. एमएमआयमध्ये प्रत्येक स्टेशनवर नवा परीक्षक असतो. एका ठिकाणी घसरलेला उमेदवार पुढच्या दारातून कोऱ्या पाटीने आत जातो. म्हणून मागच्या खोलीतील चूक पुढच्या खोलीत नेऊ नये, हा या पद्धतीचा पहिला नियम होय.

एक उदाहरण

लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबातील एका मुलीची कल्पना करू. तिची आजी वसईहून आलेली आहे व तिला इंग्रजी येत नाही. मधुमेहाच्या तपासणीसाठी आजीला फॅमिली डॉक्टरकडे नेताना नात दुभाषी म्हणून बरोबर जाते. "डॉक्टर का?" या प्रश्नाला ही मुलगी दोन प्रकारे उत्तर देऊ शकते.

पहिले उत्तर असे : "मला विज्ञानाची आवड आहे आणि लोकांची सेवा करावयाची आहे. लहानपणापासून माझे हे स्वप्न आहे." यात खोटे काही नाही. परंतु परीक्षकाने त्या सकाळी हेच वाक्य अनेकदा ऐकलेले असते. शिवाय परिचारिका, शिक्षक, समाजसेवक हेही लोकांची सेवाच करतात. मग डॉक्टरच का, या पुढच्या प्रश्नाला ती अडखळते.

दुसरे उत्तर असे : "डॉक्टर म्हणाले की साखर अशीच राहिली तर आजीची दृष्टी जाऊ शकते. मी मराठीत सांगितले की डोळ्यांची थोडी काळजी घ्यायला हवी. तिला घाबरवावेसे वाटले नाही. घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की मी डॉक्टरांचा शब्द बदलला आणि तो अधिकार मला कोणी दिला नव्हता. पुढच्या वेळी मी डॉक्टरांना तसे सांगितले व दुभाषाची व्यवस्था होऊ शकते का, असे विचारले. रोग ओळखण्याइतकेच तो रुग्णापर्यंत पोचविणे अवघड असते, हे मला तेव्हा कळले. या दोन्ही गोष्टींची जबाबदारी घेणारी व्यक्ती मला व्हावयाचे आहे."

दुसऱ्या उत्तरात चुकीची कबुली आहे, तिच्यातून घेतलेला बोध आहे आणि डॉक्टरच्या कामाची नेमकी जाण आहे. दुभाष्याचे काम व्यावसायिक व्यक्तीकडे द्यावे, कुटुंबातील मुलांवर ते टाकू नये, हीच ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचीही भूमिका आहे. या मुलीने कोणत्याही नामांकित इस्पितळात शल्यकर्म पाहिलेले नाही. तिने आपल्याच घरातील गोष्ट नीट पाहिली आहे. वृद्धाश्रमातील दर रविवारची दोन तासांची मदत, दुकानातील अर्धवेळ नोकरी, आजारी भावंडाची काळजी यांतूनही असेच उत्तर निघू शकते. किती तास काम केले यापेक्षा त्या तासांत काय दिसले, याला परीक्षक महत्त्व देतात.

नीतीचे प्रश्न

टॉम ब्यूचॅम्प व जेम्स चिल्ड्रेस यांनी १९७९ साली मांडलेली चार तत्त्वे प्रत्येक उमेदवाराला ठाऊक असतात. रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, त्याला अपाय न करणे आणि न्याय ही ती चार तत्त्वे होत. ही नावे घडाघडा म्हणून दाखविल्याने गुण मिळत नाहीत. दोन तत्त्वे एकमेकांना छेद देतात तेव्हा उमेदवार काय करतो, हे पाहिले जाते.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. अपस्माराचे झटके येणारा रुग्ण सांगूनही मोटार चालविणे थांबवीत नाही. डॉक्टरने गुप्तता पाळावी की वाहन परवाना विभागाला कळवावे? जनरल मेडिकल कौन्सिलच्या मार्गदर्शनानुसार डॉक्टरने आधी रुग्णाला त्याचे कायदेशीर कर्तव्य समजावून द्यावे व त्याने स्वतःच कळवावे यासाठी मन वळवावे. तरीही तो गाडी चालवीत राहिला व इतरांच्या जिवाला गंभीर धोका असला, तर विभागाला कळवावे व तसे करणार असल्याचे शक्य तोवर रुग्णालाही सांगावे. येथे उत्तर टप्प्याटप्प्याने उलगडते. 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देऊन ते संपत नाही.

आणखी तीन गोष्टींची माहिती असावी. १९८५ च्या गिलिक खटल्याने सोळा वर्षांखालील मुलालाही, पुरेशी समज असल्यास, उपचाराला संमती देता येते हे मान्य झाले. २०१५ च्या मॉन्टगोमेरी खटल्याने रुग्णाला त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे धोके सांगणे डॉक्टरवर बंधनकारक ठरले. स्टॅफर्ड येथील रुग्णालयातील दुरवस्थेवरील फ्रान्सिस अहवाल २०१३ साली आला. त्यानंतर २०१४ पासून इंग्लंडमधील आरोग्य संस्थांवर चूक झाल्यास ती रुग्णाला प्रांजळपणे सांगण्याचे कायदेशीर कर्तव्य आले.

आपल्या घरांतून येणाऱ्या मुलांना एक प्रश्न विशेष जड जातो : "आईला कर्करोग झाल्याचे तिला सांगू नका, अशी मुलाने विनंती केली तर?" आपल्याकडे अशी विनंती प्रेमापोटी केली जाते व पुष्कळदा ती मान्यही होते. ब्रिटनमध्ये मात्र ती माहिती आधी रुग्णाची असते. याचा अर्थ कुटुंबाच्या भावनेला तुच्छ लेखावे असा नाही. मुलाचे भय समजून घ्यावे आणि आईला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे आईलाच विचारावे. दोन्ही संस्कृतींत वाढलेल्या उमेदवाराला येथे सांगण्यासारखे इतरांपेक्षा अधिक असते.

सदसद्विवेकाचा प्रश्न

गर्भपातासंबंधी आपले मत काय, असे विचारले जाईल का, अशी धास्ती श्रद्धावंत घरांतील मुलांना वाटते. हा विषय निघू शकतो. म्हणून कायदा माहीत असावा. १९६७ च्या गर्भपात कायद्याच्या चौथ्या कलमान्वये, सदसद्विवेकबुद्धीला न पटणाऱ्या अशा उपचारात भाग घेण्याची सक्ती डॉक्टरवर करता येत नाही. मात्र स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी वा तिची गंभीर व कायमची हानी टाळण्यासाठी उपचार आवश्यक असल्यास ही सवलत लागू होत नाही. जनरल मेडिकल कौन्सिलची अपेक्षा अशी की डॉक्टरने आपला आक्षेप रुग्णाला सांगावा, दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचा तिचा हक्क व त्यासाठीची माहिती तिला द्यावी आणि तिच्याविषयी नापसंती दर्शवू नये.

आपली श्रद्धा लपविण्याचे कारण नाही आणि परीक्षकाला उपदेश करण्याचेही कारण नाही. आपली भूमिका काय, कायदा काय म्हणतो, या दोहोंमध्ये ताण कोठे येतो व त्या परिस्थितीत समोरच्या स्त्रीशी आपण आदराने कसे वागू, हे शांतपणे सांगता यावे. तयारी करताना हा ताण स्वतःशी प्रामाणिकपणे तपासून पाहावा. तो मुलाखतीपुरता नसून पुढे आयुष्यभराचा सोबती आहे.

अभिनयाचे स्टेशन

एखाद्या स्टेशनवर अभिनेता बसलेला असतो. "गाडी मागे घेताना शेजाऱ्याचे मांजर तुमच्या चाकाखाली सापडले. शेजाऱ्याला जाऊन सांगा," असा प्रसंग दिलेला असतो. वैद्यकीय ज्ञानाची येथे गरजच नसते. वाईट बातमी आडपडद्याशिवाय, पण हळुवारपणे सांगता येते का, समोरचा रडू लागला तर गप्प बसता येते का, हे पाहिले जाते.

येथे आपली एक सवय आड येते. दुःखितासमोर "काही काळजी करू नका, सगळे ठीक होईल" असे आपण सहज म्हणून जातो. घरात तो दिलासा असतो. डॉक्टरच्या तोंडी मात्र ते पाळता न येणारे वचन ठरते. त्यापेक्षा "हे ऐकणे किती कठीण असेल, मी येथेच आहे" हे खरे असते आणि पुरेसेही असते.

तयारीचा क्रम

१. अर्ज करण्यापूर्वी निदान सहा महिने एक वही ठेवावी. ज्या दिवशी रुग्णाशी, वृद्धाशी वा अडचणीतील माणसाशी संबंध आला, त्या दिवशी काय घडले, मला काय वाटले व मी काय शिकलो, हे चार-सहा ओळींत लिहावे. मुलाखतीतील बहुतेक उत्तरे या वहीतच सापडतात.

२. जनरल मेडिकल कौन्सिलचे 'गुड मेडिकल प्रॅक्टिस' हे मार्गदर्शन एकदा पूर्ण वाचावे. त्याची सुधारित आवृत्ती जानेवारी २०२४ पासून लागू आहे.

३. राष्ट्रीय आरोग्य सेवेची ओळख करून घ्यावी. ती ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. उपचार गरजेनुसार मिळावेत, पैसे देण्याच्या ऐपतीनुसार नव्हे, हे तिचे मूळ सूत्र आहे. प्रतीक्षायाद्या, मनुष्यबळाची टंचाई, वाढते वार्धक्य यांविषयी नियमित वाचावे.

४. प्रश्नांची उत्तरे लिहून पाठ करू नयेत. केवळ मुद्दे मनात ठेवावेत व दर वेळी निराळ्या शब्दांत मोठ्याने बोलावे. पाठ केलेले उत्तर ओळखू येते, कारण त्यातील प्रश्न थोडा वळवला की ते मोडून पडते.

५. सराव डॉक्टर नसलेल्या माणसासमोरही करावा. शाळेतील शिक्षक, शेजारचे काका, ग्रंथपाल यांना आपले म्हणणे समजले, तर ते परीक्षकालाही समजेल. घड्याळ लावून सहा मिनिटांत थांबण्याचीही सवय करावी.

६. गटात केलेल्या कामाविषयी सांगताना 'आम्ही' मागे दडू नये. 'मी मी' करणे असभ्य, असा आपला संस्कार चांगलाच आहे. तरी आपण स्वतः काय केले, हे परीक्षकाला कळले पाहिजे. ते सांगून सहकाऱ्यांचे श्रेय त्यांना द्यावे.

पालकांसाठी दोन शब्द

"आमच्या मुलाने डॉक्टर व्हावे" हे वाक्य अनेक घरांत मुलाच्या आधी आईवडिलांच्या तोंडी येते. मुलाखतीच्या खोलीत आईवडील नसतात आणि उसने घेतलेले स्वप्न तिसऱ्या उपप्रश्नालाच उघडे पडते. म्हणून तयारी सुरू होण्यापूर्वी मुलाला एकदा मोकळेपणाने विचारावे, "तुला खरेच हे हवे आहे का?" उत्तर 'नाही' असे आले तरी ते ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. अनेक वर्षांनी आलेल्या 'नाही'पेक्षा आजचे 'नाही' सर्वांनाच कमी महाग पडते.

मुलाखतीचा दिवस आणि त्यानंतर

ओळखपत्र व निमंत्रणपत्र आदल्या रात्रीच काढून ठेवावे. पोशाख साधा व नीटनेटका असावा. ऑनलाइन मुलाखत असल्यास कॅमेरा, ध्वनी व इंटरनेट आदल्या दिवशी तपासावे आणि घरातील मंडळींनी त्या तासाभरात खोलीत येऊ नये. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारावा. उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबण्यास हरकत नाही. माहीत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. न कळलेले कळल्याचे दाखविणारा डॉक्टर कोणालाच नको असतो.

निकाल प्रतिकूल लागला तर ती बौद्धिक कुवतीची वा चांगुलपणाची पावती समजू नये. जागा थोड्या व पात्र उमेदवार फार, हे त्याचे साधे कारण असते. पुष्कळ विद्यार्थी पुढील वर्षी पुन्हा अर्ज करून, तर काही आधी दुसरी पदवी घेऊन वैद्यकीय शिक्षणाकडे वळतात. ती वही मात्र बंद करू नये. प्रवेश मिळाला तरी नाही, न मिळाला तरी नाही. डॉक्टरांचा शब्द बदलून सांगितल्याची नोंद तिच्यात असेल, तर पुढे कोणत्याही व्यवसायात ती उपयोगी पडेल.